व्यवस्थापकाचे गद्य कोण वाचणार?

मराठी पुस्तकांच्या प्रदर्शनांत कवितेचा कोपरा आक्रसत गेला आणि 'नेतृत्व', 'यश', 'व्यवस्थापन' ह्या विषयांचे टेबल लांबत गेले, ही तक्रार साहित्याच्या वर्तुळात आता जुनी झाली आहे. त्या टेबलावर शिवाजी महाराज व्यवस्थापनगुरू असतात, चाणक्य सल्लागार असतो, गीता ताणमुक्तीची पुस्तिका असते आणि तुकोबा प्रेरक वक्ते असतात. साहित्याचे प्राध्यापक त्या टेबलाकडे पाहून नाक मुरडतात आणि पुढे सरकतात. आमचे भांडण दोघांशीही आहे. टेबल मांडणाऱ्यांशी आहे, कारण व्यवस्थापकापुढचा सर्वांत अवघड प्रश्न त्यांनी सात सवयी आणि दहा सूत्रे ह्यांच्याखाली गाडून टाकला. नाक मुरडणाऱ्यांशी आहे, कारण तो प्रश्न मुळात त्यांच्याच विद्येचा असूनही त्यांनी तो सोडून दिला. ज्यांच्यावर आपली सत्ता चालते त्या माणसांना खरे कसे सांगावे, असा तो प्रश्न आहे आणि तो गद्याचा प्रश्न आहे.

व्यवस्थापक नेमके काय करतो? फ्रेडरिक टेलर ह्याने १९११ साली 'शास्त्रीय व्यवस्थापना'ची तत्त्वे मांडली तेव्हा कामाचा विचार आणि प्रत्यक्ष काम ह्यांची फारकत केली. विचार कचेरीत आणि काम यंत्रापाशी, अशी ती वाटणी होती. ह्या वाटणीनंतर कचेरीतल्या माणसाच्या हाती हत्यार उरले नाही, कागद उरला. आदेश, अहवाल, सूचना, नोटीस. पीटर ड्रकर ह्यांनी १९५४ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात व्यवस्थापकाचे साधन म्हणून बोललेल्या-लिहिलेल्या शब्दाकडे आणि आकड्यांच्या भाषेकडेच बोट दाखविले होते. म्हणजे हा धंदाच मुळी भाषेचा आहे. सुताराचे काम पाहावयाचे तर त्याचा सांधा पाहावा, व्यवस्थापकाचे काम पाहावयाचे तर त्याचे वाक्य पाहावे. ते पाहण्याचे शिक्षण ज्यांना मिळालेले असते असे आपण मानतो, ते मात्र ह्या वाक्यांकडे वाङ्मयबाह्य म्हणून पाठ फिरवितात.

दोन संहिता आम्ही वाचावयास घेतो. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकिया ह्या फिनलंडच्या कंपनीचा प्रमुख स्टीफन इलॉप ह्याने आपल्या कर्मचाऱ्यांना एक पत्र लिहिले आणि ते पाहता पाहता जगभर फुटले. समुद्रातल्या तेलाच्या फलाटाला आग लागली आहे, त्यावर उभ्या असलेल्या माणसापुढे जळणे किंवा बर्फगार पाण्यात उडी घेणे एवढेच पर्याय आहेत, अशी त्या पत्रातली मध्यवर्ती प्रतिमा होती. व्यवस्थापनाच्या वर्गांत ही प्रतिमा धैर्याचा नमुना म्हणून शिकविली जाते. साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र एक साधा प्रश्न विचारावयास हवा. हा फलाटावरचा माणूस कोण? प्रतिमेत तो एकटा आहे. त्याचे शरीर एक, भीती एक, उडी एक. कंपनी हे मात्र एक शरीर नसते. उडीचा निर्णय एकाने घ्यावयाचा आणि पाण्यात दुसऱ्यांनी पडावयाचे, ही शक्यता प्रतिमेनेच पुसून टाकली. रूपकाने इथे अर्थ उजळला नाही, झाकला.

ह्याच लेखकाचे दुसरे पत्र जुलै २०१४ चे. नोकियाचा फोनचा व्यवसाय त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतला होता आणि इलॉपही त्यासोबत तिकडे गेला होता. हे पत्र एखाद्या ओळखीच्या माणसाला हाक मारावी तशा सलगीने सुरू होते. मग परिच्छेदांमागून परिच्छेद उत्पादनांची धोरणे, एकसूत्रीकरण, लक्ष केंद्रित करणे अशा विषयांवर खर्ची पडतात. बरेच खाली गेल्यावर वाचकाला कळते की येत्या वर्षभरात सुमारे १२,५०० माणसांची 'घट' होईल. वाक्याची घडणही पाहण्यासारखी आहे. माणसांना कोणी काढत नाही. आखलेल्या बदलांतून घट निष्पन्न होते, पावसातून चिखल निष्पन्न व्हावा तशी. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा कारखाना करविषयक वादामुळे ह्या विक्रीत हस्तांतरित झालाच नव्हता. तो मायक्रोसॉफ्टसाठी कंत्राटावर फोन बनवीत राहिला, कंत्राट संपविले गेले आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी तिथले उत्पादन थांबले. २०११ च्या त्या रूपकात उडी मारणारा माणूस वाचला होता. ही हजारो माणसे त्या रूपकात कुठे होती, हा प्रश्न कोणत्या विद्याशाखेने विचारावयाचा?

ही केवळ परक्यांची रीत आहे असे कोणी समजू नये. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू ह्यांनी संचालक मंडळाला लिहिलेले कबुलीचे पत्र आपल्याकडच्या व्यवस्थापकीय गद्याचा विलक्षण नमुना आहे. ५,०४० कोटींची रोख आणि बँकशिल्लक, जी अस्तित्वातच नव्हती. ३७६ कोटींचे न मिळालेले व्याज, १,२३० कोटींचे न दाखविलेले देणे, ४९० कोटींची फुगविलेली येणी. आकडे स्पष्ट आहेत. पण आकड्यांतून वाक्यांत येताच कर्ता धूसर होऊ लागतो. खरा नफा आणि वहीतला नफा ह्यांत एक किरकोळ अंतर पडले आणि ते अंतरच वर्षानुवर्षे वाढत गेले, असे निवेदन आहे. अंतर जणू स्वतःच्या पायांनी चालत होते. शेवटी वाघ येतो. आपण वाघावर स्वार झालो होतो आणि खाल्ले न जाता उतरावे कसे ते कळत नव्हते, असे पत्रलेखक म्हणतो. वाघ जंगलातून आलेला नव्हता, तो कचेरीत बसून एकेका तिमाहीला खाऊ घालून वाढविलेला होता. रूपकाने गुन्हेगाराला शिकार बनविले. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू ह्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. आणि ह्याच कंपनीला २००८ च्या सप्टेंबरात उत्तम कारभाराबद्दल एक आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले होते! परीक्षकांपुढे कारभार नव्हता, कारभाराचे गद्य होते. ते त्यांना वाचता आले नाही.

इथे डावीकडून एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानत नाही. व्यवस्थापक हा भांडवलाचा नोकर, त्याच्या भाषेचे सूक्ष्म वाचन करून काय साधणार? साहित्याने कामगाराच्या बाजूने उभे राहावे. मराठी साहित्य तसे उभे राहिलेही आहे. नारायण सुर्व्यांच्या कवितेने गिरणगावाला मराठी काव्यात हक्काची जागा दिली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगारांना व्यापणाऱ्या संपाची राख जयंत पवारांच्या 'अधांतर'ने १९९७ साली रंगभूमीवर आणली. ह्या परंपरेचा आम्हांला अभिमान आहे. परंतु नोटीस ज्याच्या घरी पोचली तो माणूस आपल्या साहित्यात जितका जिवंत आहे, तितका नोटिशीवर सही करणारा जिवंत आहे काय? ह. मो. मराठ्यांसारख्या मोजक्या लेखकांनी औद्योगिक जगाच्या वरच्या मजल्यांवर पाऊल टाकले. एरवी आपल्याकडचा साहेब बहुधा पुठ्ठ्याचा असतो. त्याला सिगार असते, गाडी असते, दुष्टपणा असतो, पेच मात्र नसतो. पुठ्ठ्याच्या शत्रूशी लढून कोणाची नोकरी वाचत नाही. सत्तेला उत्तर द्यावयाचे असेल तर सत्ता कोणत्या पेचातून, कोणत्या शब्दांत बोलते हे आतून कळले पाहिजे.

आणि पेच खोटे नाहीत. एखादा विभाग बंद करावा लागणार असे ज्याला सहा महिने आधी दिसते, त्याने ते केव्हा सांगावे? आधी सांगितले तर ज्यांना बाहेर सहज काम मिळते ते पहिल्यांदा निघून जातील, घेणेकरी दारात उभे राहतील, आणि कदाचित वाचू शकला असता तो विभागही बुडेल. उशिरा सांगितले तर ज्याने गेल्याच महिन्यात घरासाठी कर्ज काढले त्याचा विश्वासघात होतो. बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर काही माहिती निवडक लोकांना आधी देण्यास कायद्याचीच आडकाठी असते. मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याची अवस्था तर आणखी बिकट. निर्णय वरच्यांचा, शब्द मनुष्यबळ विभागाने लिहून दिलेले, आणि समोर दहा वर्षे शेजारी बसून डबा खाल्लेला सहकारी. त्या खोलीत बोलले जाणारे वाक्य हे शोकात्मिकेचे द्रव्य आहे. त्यावर नेतृत्वाचे टेबल काय सांगते? सहानुभूती दाखवा, नजरेला नजर द्या, सकारात्मक शेवट करा. अभिनयाच्या सूचना आहेत ह्या. वाक्य खरे आहे की नाही, हा प्रश्न त्यांत नाही.

कारखाना आणि साहित्य ह्यांच्यातली ही भिंत मराठीत नेहमीच होती असे नाही. नांगर बनविणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली तिचे 'किर्लोस्कर' मासिक झाले, पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' ही भावंडे आली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी विवाह, अंधश्रद्धा, शिक्षण ह्यांवरचे वाद त्या पानांवर वाचले. कारखान्याच्या आवारात जन्मलेले पत्र वाङ्मयाचे व्यासपीठ झाले, ही गोष्ट आज चमत्कारासारखी वाटते, कारण आजच्या कंपन्यांची गृहपत्रे वाढदिवस छापतात आणि आजची वाङ्मयीन नियतकालिके कंपन्यांकडे फक्त जाहिरातीपुरती पाहतात.

त्याहूनही मागे जाऊ. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचे. मराठीच्या अनेक विद्यार्थ्यांनी ते परीक्षेपुरते का होईना वाचलेले असते. शिवाजी महाराजांना व्यवस्थापनगुरू करणाऱ्यांनी ह्या ग्रंथातून घोषवाक्ये उचलली. त्यातले आरमाराच्या लाकडाचे प्रकरण त्यांनी सावकाश वाचले असते तर बरे झाले असते. जहाजांसाठी लाकूड लागते, ही राज्याची निकड आहे. पण आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वर्षानुवर्षे जतन करून वाढविलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानेच तोडावे. एकाला दुःख देऊन साधलेले कार्य टिकत नाही, असाही इशारा तिथे आहे. ह्या गद्यात निकड लपविलेली नाही, आणि तिची किंमत कोण मोजतो तेही लपविलेले नाही. तोडणारा दिसतो, झाड दिसते, झाडाचा धनी दिसतो, त्याचे दुःख दिसते. सरंजामी काळातले हे आज्ञार्थी गद्य नैतिकदृष्ट्या इलॉपच्या सलगीच्या पत्राहून कितीतरी प्रौढ आहे. व्यवहारात ते किती पाळले गेले हा इतिहासकारांचा विषय. पाळले न गेल्यास बोट कोणाकडे दाखवावे, हे मात्र त्या वाक्यांतून कळते.

आता मराठी विभागांकडे वळू. विद्यार्थी टिकावेत म्हणून विद्यापीठांनी 'व्यावहारिक मराठी'चे अभ्यासक्रम आणले. त्यांना आमचा विरोध नाही. पण त्यांत शिकवितात काय? विषय कोठे लिहावा, संदर्भ कोठे, समास किती सोडावा, 'आपला विश्वासू' कोणत्या बाजूस. मराठी व्याकरणाने आपल्याला कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग दिले. ते आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. इकडे कार्यालयीन मराठीने 'करण्यात येत आहे' ही एकच रचना पकडून ठेवली आहे. सेवा समाप्त करण्यात येत आहे. वेतन स्थगित करण्यात आले आहे. पदे कमी करण्यात येतील. कोण करतो आहे? वाक्यात कोणीही नाही. आपला अभ्यासक्रम ही रचना 'औपचारिक शैली' म्हणून गुण देऊन शिकवितो. म्हणजे नेतृत्वाच्या टेबलाने जो पळपुटेपणा चकचकीत वेष्टनात विकला, तोच आपण पदवीच्या चौकटीत बसवून देतो. मग साहित्याच्या पदवीधराला कंपन्या 'संभाषणकौशल्या'पुरते बोलावतात ह्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावयाची?

आमची मागणी मोठी नाही. 'व्यावहारिक मराठी'च्या प्रश्नपत्रिकेत 'आज्ञापत्रा'तले ते लाकडाचे प्रकरण, सत्यमचे पत्र आणि सेवासमाप्तीची एखादी नमुना नोटीस शेजारी शेजारी छापावी. त्यांतला कर्ता शोधावयास सांगावे. रूपकाने काय उजळले आणि काय झाकले ते लिहावयास सांगावे. मग 'करण्यात येत आहे' असलेले एक वाक्य कर्तरी प्रयोगात बदलावयास सांगावे, आणि बदलल्यावर त्याखाली सही करण्याचे धैर्य उरते का, ह्यावर एक परिच्छेद मागावा. हे ज्याला जमेल तो उद्या त्या खोलीत टेबलाच्या कोणत्याही बाजूला बसला तरी उपयोगी पडेल. नोटीस लिहिणारा असेल तर ती लिहिण्यापूर्वी थबकेल, आणि नोटीस घेणारा असेल तर आपल्याला कोणी काढले हे त्या कागदाला विचारू शकेल.