पाहण्याला शिकणे म्हणू नका

महाविद्यालयात चित्रफीत लावायची, आणि ती संपली की विद्यार्थी इंटरनेटवर संशोधन करण्यास शिकला असे मानायचे, या प्रथेला आमचा स्पष्ट विरोध आहे. दूरशिक्षणाशी आमचे वैर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांतून एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा दिली. साक्रीच्या मुलाला नामांकित प्राध्यापकांचे व्याख्यान घरी ऐकता यावे, ही थोडी गोष्ट नव्हे.

परंतु शोध घेणे हे हाताने करून शिकायचे काम आहे. रोमन लिपीत 'साक्री' आणि 'रेल्वे' असे शब्द घालून पाहा. बहुधा बिहारमधील सकरी जंक्शन समोर येईल. आपल्या साक्रीला तर रेल्वेच नाही! ही चूक अहिराणी बोलणारा मुलगा तत्काळ ओळखील. नावापुढे 'धुळे' जोडावे, देवनागरीत पुन्हा शोधावे, हे त्याला सुचवणार कोण? दिल्ली-मुंबईची उदाहरणे देणारी चित्रफीत? तालुक्यातील शिवाजीनगर येथे २०१३ साली १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प उभा राहिला. त्याविषयी सरकारी पत्रक, वृत्तपत्र आणि तेथील गावकरी एकच सांगतात काय, हे ताडून पाहायला लावा. 'शोधगंगा'वर खानदेशाविषयीचा एखादा प्रबंध उघडायला लावा. शिक्षक शेजारी हवा; गुण उत्तराला नव्हे, तर काय शोधले आणि काय का टाकले, या टिपणाला हवेत.

पालकांनीही प्रमाणपत्र चौकटीत लावण्यापूर्वी एवढे विचारावे : बाळा, हे तू कोठून घेतलेस?