आर्नोकाठची आपली छत्री

"मुलाकडे जर्मनीला निघाले आहे. तिथून इटलीही दाखवतो म्हणतो. काय पाहावे आणि काय सांभाळावे?" असे एका भगिनीने विचारले आहे. मी नुकतीच याच वाटेने जाऊन आले, तेव्हा अनुभवाचे चार शब्द सांगते.

आमचा थोरला म्युनिकला असतो. तिथून आल्प्स ओलांडून रेल्वेने फ्लॉरेन्सला जायचे ठरले. निघताना सासूबाईंनी बजावले, "फ्लॉरेन्सला जातीस, तर आपल्या महाराजांच्या छत्रीवर दोन फुलं वाहून ये. कोल्हापूरचं माणूस तिथवर जायचं आणि तसंच परतायचं, हे बरं दिसतंय का?"

फ्लॉरेन्स आर्नो नदीच्या दोन्ही काठांवर वसले आहे. सगळ्या शहरावर राज्य करतो तो कॅथेड्रलचा लाल घुमट. ब्रुनेलेस्की या कारागिराने तो १४३६ मध्ये पुरा केला. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. ज्यांचे गुडघे जोतिबाला कुरकुरतात, त्यांनी खालूनच हात जोडावेत!

नदीवरचा जुना पूल, पोन्ते वेक्किओ, मात्र चुकवू नका. आताचा पूल १३४५ मधला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना दुकाने. पूर्वी तिथे खाटीक बसत. १५९३ मध्ये तिथल्या ड्यूकने त्यांना उठवून सोनारांना जागा दिली, ते अजून आहेत. पुलावरची गुजरीच म्हणा ना! भाव विचारला आणि गुपचूप पुढे झाले. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी शहरातले बाकीचे पूल उडवले, हा एवढा राहिला. नोव्हेंबर १९६६ च्या महापुरातूनही तो वाचला. मुलगा त्या पुराचे सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे २०१९ ची आपली पंचगंगा होती.

आता छत्रीविषयी. शहराच्या पश्चिमेला नदीकाठी मोठे उद्यान आहे, त्याचे नाव 'काशीने'. ऐकताच मला काशी आठवली. पण तिकडे त्याचा अर्थ गाईगुरांचे गोठे. राजघराण्याची दुभती जनावरे पूर्वी तिथे असत. ट्रॅमने काशीने थांब्यावर उतरावे आणि काठाकाठाने अर्धा-पाऊण तास चालावे. मुन्योने नावाची लहान नदी जिथे आर्नोला मिळते, तिथे झाडांत ही छत्री उभी आहे. आत महाराजांचा अर्धपुतळा, डोईवर पगडी, अगदी आपल्याकडचा वेश.

करवीरचे राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले. जेमतेम विशीतले. व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोजची टिपणेही ठेवली. ती पुढे १८७२ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापली. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये गेले. त्या शहराला दहन ठाऊक नव्हते. खास परवानगी काढून या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँटचा, ज्यांनी पुढे आपल्या नव्या राजवाड्याचा केला त्यांचाच. चार भाषांत लेख कोरले आहेत. शेजारी १९७८ मध्ये मोठा पूल झाला, त्याला लोक 'इंडियानो'चा पूल म्हणतात. इंडियानो म्हणजे आपले महाराज. घराण्यातल्या बाकीच्यांच्या समाध्या पंचगंगेकाठी आणि हे पोर एकटे इथे, असे वाटून गलबलून आले.

आता खरी गोष्ट सांगते. फुले वाहून मी बाकावर बसले ती उठवेना. अंगात कणकण होती. दोन दिवस लघवीला जळजळ होत होती, पण कुणापाशी बोलले नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. तिकडे बऱ्याच ठिकाणी शौचालयाला पैसे पडतात. एका खेपेचे शंभर रुपये म्हणजे काय, असे म्हणून मी पाणीच पिणे सोडले होते! शिवाय मुलाची रजा मोजकी, तिकिटे काढलेली, आपल्यापायी कशाला खोळंबा?

मुलाने कपाळाला हात लावून पाहिला. "आई, कधीपासून?"

"परवापासून."

तो रागावला नाही. छत्रीकडे बघत म्हणाला, "इथं बसून तरी असलं लपवू नकोस."

त्याच दुपारी डॉक्टर गाठला. औषध मिळाले, तिसऱ्या दिवशी मी ठणठणीत. राहिलेली चित्रे राहिली, त्याचे काही वाटले नाही.

तेव्हा भगिनींनो, एवढे करा. पाणी पीत राहा. फ्लॉरेन्समध्ये जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, मात्र 'नॉन पोताबिले' लिहिले असेल ते पाणी पिऊ नये. कॉफी घ्या आणि तिथलेच शौचालय वापरा. उभ्याने प्यायली तर कॉफीही स्वस्त पडते. आपली नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधाचे दुकान. अडचणीला ११२ हा नंबर जर्मनीत आणि इटलीत एकच. शेंगेन व्हिसाही दोन्हीकडे चालतो. त्यासाठी निदान ३०,००० युरोंचा विमा घ्यावा लागतो. त्यात आजारपण असते, आणि वाईट प्रसंग आला तर माणसाला मायदेशी आणण्याचा खर्चही. अशुभ म्हणून आपण त्या ओळी वाचत नाही. वाचा. कागदाची एक प्रत घरी ठेवा.

आणि दुखले तर त्याच दिवशी सांगा. आपण लपवतो ते दुसऱ्याला त्रास नको म्हणून, पण त्रास लपवल्यानेच वाढतो.

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिले विचारले, "वाहिलीस फुलं?" मी "हो" म्हणाले, आणि मग तापाचेही सांगितले. त्या म्हणाल्या, "आधी सांगायला काय झालं होतं?" आता काय बोलणार? पन्नास वर्षे त्याही हेच करत आल्या आहेत.