पुरवठादार बदलतो, वायर तीच राहते

१ एप्रिलला नवे वीजदर लागू होतात, त्याच सुमारास घराघरांत एसी सुरू होतात, आणि मे महिन्याचे बिल हातात पडले की आपल्या फोनवर एकच प्रश्न यायला लागतो. सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, पिठाची गिरणीवाले विचारतात, वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या घरी वायरिंग केले त्या काकू विचारतात, "अरे, आपण कंपनी बदलून टाकू का?"

हा प्रश्न वीज कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फार थोडे लोक विचारतात. विचारतात ते आपल्याला, म्हणजे परवानाधारक ठेकेदाराला, सुपरवायझरला, वायरमनला. मीटरच्या खोलीची किल्ली आपल्या ओळखीची आहे, आणि या माणसाला बिल कळते असा लोकांचा विश्वास आहे. त्या विश्वासाला आपण पुरे पडतो का, एवढ्याच मुद्द्यावर या महिन्याचे संपादकीय आहे.

गेल्या उन्हाळ्यात पश्चिम उपनगरातल्या एका जुन्या इमारतीत आम्हाला बोलावले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका पुरवठादार बदलण्याचा अर्ज भरूनच बसल्या होत्या. घरात दोन माणसे, एसी नाही, आणि बिल मात्र शेजारच्या पाच माणसांच्या घराइतके. खाली मीटर पाहिला तर त्यावरचा 'अर्थ'चा दिवा लागलेला. वर जाऊन घरातल्या सगळ्या एमसीबी पाडल्या, पुन्हा खाली आलो, तरी पल्सचा लाल दिवा लुकलुकतच होता. घरात एक दिवाही चालू नाही आणि मीटर युनिट मोजतो आहे.

कारण सापडायला अर्धा तास लागला. हा आणि शेजारचा फ्लॅट पूर्वी एकाच मालकाचा जोडफ्लॅट होता. विकताना मधली भिंत घातली, दोन मीटर घेतले, फेज वेगळ्या केल्या. न्यूट्रल मात्र आतल्या आत जोडलेलाच राहिला. शेजाऱ्यांच्या करंटचा काही भाग बाईंच्या न्यूट्रलमधून परत जात होता. आजचे इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रलमधला जो करंट जास्त असेल तो धरून युनिट मोजतात, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे शेजाऱ्यांनी वापरलेली वीज शेजाऱ्यांच्या मीटरवर पुरी मोजली जात होती आणि त्यातली काही बाईंच्या मीटरवरही. किती वर्षे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. न्यूट्रल वेगळा केला, मेगर लावून पाहिले, 'अर्थ'चा दिवा विझला. पुढचे बिल निम्म्याच्या खाली आले. भरलेला अर्ज त्यांनी दिलाच नाही. दिला असता तर दुसऱ्या कंपनीनेही तीच चुकीची युनिटे इमानदारीने मोजून बिल पाठवले असते.

कंपनी बदलावी की नाही, हा प्रश्न बिलात तिसऱ्या क्रमांकावर येतो. मीटरवर पडणारी युनिटे खरी आहेत का, हा पहिला. ती कोणत्या स्लॅबमध्ये पडतात, हा दुसरा. पहिल्या दोघांची उत्तरे न शोधता तिसऱ्यावर सल्ला देणे हे आपल्या व्यवसायाला शोभत नाही.

मुंबईच्या उपनगरांत निवडीचा हक्क आला कसा, हे नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगायला हवे. उपनगरांत १९२९ पासूनच्या बीएसईएसचे जाळे. ते पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेले. टाटा पॉवर मुंबईला खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून वीज देत आलेली. पण घरगुती ग्राहकाला थेट वीज विकण्याचा तिचा हक्क वादात होता. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २००८ रोजी तो मान्य केला. मग महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने १५ ऑक्टोबर २००९ च्या आदेशाने मार्ग मोकळा केला : ग्राहकाने टाटाची वीज घ्यावी, ती रिलायन्सच्या वायरीतून यावी, आणि वायरीचे भाडे म्हणून वहन आकार द्यावा. आपण याला चेंजओव्हर म्हणतो. टाटाने स्वतःची केबल टाकून जोडणी दिली तर तो स्विचओव्हर. काही लाख ग्राहक असे बदलले.

पुढे काय झाले ते फारसे कोणी ग्राहकाला सांगत नाही. आधी जाण्याची घाई कोणाला होती? ज्यांचे बिल मोठे होते त्यांना. आपल्याकडे मोठा ग्राहक जास्त दर भरतो आणि त्यातून लहान ग्राहकाचा दर खाली राहतो. मोठे ग्राहक निघून गेल्यावर तो भार उरलेल्यांवर येणार, हे उघड होते. म्हणून आयोगाने निघून गेलेल्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार बसवला. शिवाय जुन्या कंपनीची आधीच्या वर्षांची न वसूल झालेली रक्कम, जिला आपण रेग्युलेटरी अ‍ॅसेट म्हणतो, तिचा आकारही त्यांच्या बिलात आला. ज्या वर्षी ते जुन्या कंपनीचे ग्राहक होते त्या वर्षीचा खर्च त्यांच्यासाठीच झाला होता, हा त्यामागचा युक्तिवाद, आणि तो आम्हाला रास्त वाटतो. पण त्याचा परिणाम असा, की दरपत्रकात दिसणारा फरक बिलात उतरेपर्यंत बारीक झाला. पुढच्या वर्षांत दर बदलत गेले तसे अनेक ग्राहक उलट दिशेनेही परतले. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा अर्ज भरून देणारे बहुतेक आपणच होतो.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. तिथे पुरवठादार बदलणे वर्षानुवर्षे नित्याचे झाले होते, दर ठरावीक काळाने नवी स्वस्त कंपनी बाजारात येत होती. २०२१ च्या शरद ऋतूत गॅसच्या घाऊक किमती भडकल्या आणि दोन डझनांहून अधिक पुरवठादार बुडाले. नोव्हेंबरमध्ये बल्ब ही पंधरा लाखांहून जास्त ग्राहकांची कंपनी सरकारी पैशावर चालवायची वेळ आली. एप्रिल २०२२ मध्ये ऑफजेम या नियामकाची दरमर्यादा एका झटक्यात ५४ टक्क्यांनी वाढून सरासरी घरासाठी वर्षाला १,९७१ पौंडांवर गेली. त्या काळात कुठे बदलून जावे असा स्वस्त दर बाजारात उरलाच नव्हता. आणि बुडालेल्या कंपन्यांच्या ग्राहकांना सामावून घेण्याचा खर्च सगळ्यांच्या स्थिर आकारात घातला गेला. ज्याने कधीच कंपनी बदलली नाही, त्यानेही तो भरला. पुण्या-मुंबईची अनेक मुले आज लेस्टर-लंडनमध्ये घर करून आहेत. त्यांच्या आईवडिलांना ही गोष्ट आपण न सांगताही माहीत असेल.

बिलाचा एक भाग कंपनीबरोबर बदलतो आणि एक भाग बदलत नाही. वीज आकार बदलतो. इंधन समायोजन आकार प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि महिन्यागणिक हलतो, म्हणून मार्चच्या बिलावरून वर्षाचा अंदाज बांधता येत नाही. वहन आकार वायरीच्या मालकाला जातो. वीज शुल्क राज्य सरकारचे, घरगुती वापराला १६ टक्के, ते कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी सुटत नाही. ग्राहकासमोर बिल ठेवून या ओळींवर पेन्सिलीने खुणा केल्या तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

उरलेला निम्मा स्लॅबचा. आपल्या राज्यात घरगुती दर ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि ५०० च्या वर, असे चार टप्प्यांत आहेत. ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असा समज अजून घट्ट आहे. आपल्यातल्या काहींकडूनही आम्ही तो ऐकला आहे. तसे नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो.

समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. हे कोणत्याही कंपनीचे दर नव्हेत. एका कंपनीचे पहिले तीन टप्पे ४, ७ आणि १० रुपये. दुसरीचे ५, ६.५० आणि ९ रुपये. महिना ९० युनिटांच्या घराला पहिलीकडे ३६० रुपये, दुसरीकडे ४५०. २८० युनिटांच्या घराला १,६६० आणि १,६७०, म्हणजे जवळपास सारखेच. ४५० युनिटांच्या घराला ३,३०० आणि ३,१५०. एकाच मजल्यावरच्या तीन घरांची तीन उत्तरे. "अमुक कंपनी स्वस्त" असे सरसकट सांगणारा माणूस या तिघांपैकी एकाचे तरी नुकसान करतो.

आता त्याच ४५० युनिटांच्या घराकडे जरा थांबून पाहा. कंपनी बदलून महिन्याला १५० रुपये वाचणार. त्या घरात ७५ वॅटचे तीन जुने पंखे रोज बारा तास फिरत असतील आणि त्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले, तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा, तिघांचे मिळून सुमारे ४८ युनिट कमी होतात. ती कमी होतात सर्वांत वरच्या, १० रुपयांच्या टप्प्यातून. म्हणजे ४८० रुपये. पंख्यांची किंमत धरूनच हा हिशेब ग्राहकाला मांडून दाखवावा, पण दाखवावा जरूर. बदललेल्या कंपनीचा दर पुढच्या आदेशात वर जाऊ शकतो; कमी झालेले युनिट प्रत्येक दरात कमीच राहते.

दर किती अस्थिर असतात याचा ताजा अनुभव आपल्याला आहे. २८ मार्च २०२५ रोजी आयोगाने महावितरणचा पाच वर्षांचा आदेश दिला, काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली, आणि २५ जूनला सुधारित आदेश येऊन १ जुलैपासून वेगळे दर लागू झाले. मार्चच्या आकड्यांवर विसंबून कोणी ग्राहकाला सोलरचा परतावा काढून दिला असेल, तर त्याला तो तीन महिन्यांत पुन्हा मांडावा लागला. त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या वीज कंपन्यांच्या थकलेल्या रेग्युलेटरी अ‍ॅसेट ठरावीक मुदतीत वसूल करण्याचे निर्देश दिले. ती रक्कम कधी ना कधी बिलातूनच यायची आहे.

मुंबईबाहेरच्या वाचकांना हे सगळे लांबचे वाटेल. राज्यातल्या बहुतेक घरांना आज एकच पुरवठादार आहे. मुलुंड-भांडुपलाही महावितरणच आहे, आणि बेस्टच्या हद्दीत बेस्टच्या वायरीतून दुसऱ्याची वीज घेता येत नाही. पण ठाणे, नवी मुंबई परिसरासाठी समांतर परवान्याचे अर्ज झाले, त्याविरोधात महावितरणच्या कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये संप पुकारला, आणि एकाच जाळ्यावर अनेक पुरवठादार आणणारे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर झाले नाही, पण तो विचार मागे पडलेला नाही. स्पर्धेला आमचा विरोध नाही. ९० युनिटांच्या घराचा दर कोण सांभाळणार, याचे लेखी उत्तर आधी मिळावे आणि मग वायर मोकळी करावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दर ठरवण्यापूर्वी आयोगाला लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्याच लागतात. त्या जनसुनावण्यांना उद्योगांच्या संघटना तयारीनिशी येतात. आपल्या संघटना क्वचितच दिसतात. रोज दहा मीटर उघडून पाहणाऱ्या माणसाला तिथे सांगण्यासारखे बरेच आहे.

एक गोष्ट अप्रिय आहे, तरी लिहिली पाहिजे. पुरवठादार बदलाच्या प्रत्येक अर्जामागे काही रक्कम मिळते म्हणून इमारतीच्या इमारती बदलून दिल्याच्या कथा आपल्याच वर्तुळात ऐकू येतात. ज्याचे पैसे आपण ग्राहकाकडून घेतो त्याच सल्ल्याचे पैसे दुसरीकडूनही घेणे चुकीचे आहे. घेत असाल तर निदान ग्राहकाला ते आधी सांगा. आणि स्विचओव्हर असेल तर मीटर रूममध्ये नव्या केबलला व पॅनलला जागा आहे का, अर्थिंगची अवस्था काय आहे, मंजूर भार प्रत्यक्ष वापराशी जुळतो का, हे पाहिल्याशिवाय टेस्ट रिपोर्टवर सही करू नका. ती सही तुमच्या परवान्याची आहे.

या अंकाच्या मधल्या पानावर आम्ही एक कोरा तक्ता छापला आहे. बारा महिन्यांची युनिटे, रीडिंगचे दिवस, बिलातले आकार ओळीने, आणि शेजारी दुसऱ्या पुरवठादाराच्या दराने तेच बिल, अशी त्याची रचना आहे. सगळ्यात वर एक चौकट आहे : 'सर्व एमसीबी बंद असताना मीटरचा पल्स थांबतो का?' तक्त्याच्या प्रती काढा, ग्राहकासमोर बसून भरा, खाली तारीख घालून सही करा आणि एक प्रत त्याच्याकडे ठेवा. भरलेल्या तक्त्यांच्या प्रती, नाव-पत्ता खोडून, ३० तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. पुढच्या जनसुनावणीत त्याच घेऊन आम्ही उभे राहणार आहोत.