ग्रह फुटला की घडलाच नाही?

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये पूर्वी एक ग्रह होता, तो फुटला आणि त्याचेच तुकडे लघुग्रह होऊन फिरत आहेत, ही कथा मुलांना आजही सांगितली जाते. कथा रम्य आहे; म्हणूनच ती पारखून घ्यावी.

तिचे जनक जर्मन वैद्य व आकाशनिरीक्षक ओल्बर्स. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीत पियात्झी यांना सेरेस दिसला. पुढच्याच वर्षी ओल्बर्स यांना जवळपास तेवढ्याच अंतरावर पॅलस सापडला. एकाच जागी दोन ग्रह कसे? ते एखाद्या फुटलेल्या ग्रहाचे तुकडे असावेत, असे त्यांनी सुचविले. तसे असल्यास सर्व तुकड्यांच्या कक्षा स्फोटस्थानावरून जातील, या अनुमानाने ते कन्या राशीकडे दृष्टी लावून रात्री जागवीत राहिले आणि १८०७ मध्ये त्यांना वेस्टा गवसला. अनुमान सदोष, शोध मात्र अस्सल!

दोष कोठे, हे आपल्या व्यापारी वाचकांस चटकन उमगेल. पट्ट्यातील सारा माल एकत्र तोलला तरी तो चंद्राच्या वस्तुमानाच्या जेमतेम ३ टक्के भरतो. त्यातही तिसऱ्या हिश्शाहून अधिक एकट्या सेरेसचा. एवढ्या शिलकीवरून मोठी पेढी बुडाली, असे कोण म्हणेल? शिवाय हा माल एका वखारीतला नाही. आतल्या बाजूचे लघुग्रह बहुधा खडकाळ, बाहेरचे काळसर व कार्बनयुक्त. काही एके काळी वितळलेले, काही मुळीच नाहीत. तेथे ग्रह घडलाच नाही, असे आज मानतात. बलाढ्य गुरूच्या ओढीने तेथील पिंडांचे वेग वाढले. ते जुळण्याऐवजी आदळून फुटू लागले आणि बरेचसे द्रव्य पट्ट्याबाहेर फेकले गेले.

तरीही ओल्बर्स यांना पुरते खोटे ठरवू नये. ग्रह नव्हे, पण लहान पिंड खरोखरच फुटले. लोखंडी अशनी अशाच पिंडांच्या गाभ्यांतून आले. १९९४ मध्ये राजस्थानात लोहावट येथे पडलेला अशनी हॉवर्डाइट जातीचा होता. ही जात वेस्टाची, असे अभ्यासक मानतात आणि २०११ मध्ये तेथे पोहोचलेल्या ‘डॉन’ यानाने त्यास पुष्टी दिली. म्हणजे ओल्बर्स यांनी दुर्बिणीतून शोधलेल्या वेस्टाची कपची मारवाडात येऊन पडली! आपल्या लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवरही अवकाशातून आलेल्या अशाच पाहुण्याने खोदलेले.

वेस्टा पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा लहानशा दुर्बिणीतूनही दिसतो. बोरिवलीच्या झगमगाटात ते कठीण. खाडीपलीकडे गोराईच्या किनाऱ्यावर, आकाश निरभ्र असल्यास, प्रयत्न करून पाहण्याजोगा आहे.