हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट पाहू नका

"पित्त पडलं, आता मोकळं वाटेल त्याला." मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्या आज्यांच्या तोंडून ऐकलंय, की त्याविरुद्ध लिहायलाच हवं. मोठ्या माणसाला जागरणाने, उपाशीपोटी कडू पाणी पडतं आणि बरंही वाटतं. तान्ह्या बाळाचं तसं नाही. त्याची उलटी पालकाच्या पाण्यासारखी हिरवी असेल, तर आतड्याला पीळ पडलाय असं धरूनच आम्ही धावतो. पीळ पडला की रक्त पोचत नाही, आणि काही तासांत आतडं काळं पडतं. तिथे औषधाची बाटली कामाची नाही, सर्जन लागतो.

एक आजी बाळाला न्हाऊ-माखू घालून, स्वच्छ झबलं चढवून घेऊन आली होती. हिरवं दुपटं घरी धुऊन दोरीवर वाळत होतं. बायांनो, ते दुपटं धुऊ नका. पिशवीत घालून आणा, निदान मोबाईलवर फोटो काढा.

दुसरं म्हणजे "दात येतायत". वर्षाच्या आतबाहेरचं मूल थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मधे मलूल पडतं, उलट्या करतं, तेव्हा आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. लाल जेलीसारखी शी दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

बाकी बहुतेक उलट्या साध्या असतात. ओआरएसचं अख्खं पाकीट, त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. चमच्याने, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. उलट्या किती झाल्या हे सगळे सांगतात, मी लघवी कधी झाली ते विचारते. डायपरमुळे हल्ली ते आईलाही नीट सांगता येत नाही, म्हणून आजारपणात साधा लंगोटच बांधावा. सहा-आठ तास तो कोरडा, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, मूल हाक मारूनही नीट बघत नाही, उलटीत रक्त, किंवा डोक्यावर पडल्यानंतर उलट्या: यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका फुकट आहे.