ताडीची नोंदवही, दत्तकपत्र, कच्चे कैदी: कुणबी नोंदींच्या शोधात ही कागदपत्रे कशासाठी?

जातीच्या दाखल्याचा ताडीच्या नोंदवहीशी काय संबंध? कुणबी नोंदी शोधण्यासाठी ७ सप्टेंबर २०२३ रोजी नेमलेल्या न्या. (निवृत्त) संदीप शिंदे समितीची कागदपत्रांची यादी वाचली की हा प्रश्न पडतो. खासरा पत्रक, सातबारा, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर ठीक. पण त्यांच्या जोडीला दत्तक विधान पत्रक, भाडेचिठ्ठी, मळी आणि ताडीच्या नोंदवह्या, पोलिसांचे अटक पंचनामे, कच्च्या कैद्यांची नोंदवहीसुद्धा.

मराठवाड्यात पहिल्या टप्प्यात सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासल्या गेल्या. कुणबी नोंदी निघाल्या ११,५३०. म्हणजे साधारण दीड हजारांमागे एक.

मग हैदराबाद गॅझेटियर पुरेसे का नाही?

गॅझेटियरमध्ये जिल्ह्यात कोणत्या जातीचे किती लोक, एवढेच आकडे आहेत. माणसांची नावे नाहीत. दाखला मात्र एका माणसाला, त्याच्या पूर्वजाच्या नावावरून मिळतो.

परभणी तालुक्यातील पेडगावचे उदाहरण घ्या. एखाद्या कुटुंबातील पणजोबांच्या नावावर जमीनच नसेल, तर जमिनीच्या कागदांत ते सापडणार नाहीत. पण त्यांच्या मुलाचा जन्म गाव नमुना १४ मध्ये लिहिलेला असू शकतो. त्यांनी बटाईचा कागद केला असेल, कुणाच्या भांडणात अटक झाली असेल. त्या ओळीत नावापुढे जात लिहिलेली असली, तर तोच पुरावा. शिवाय लिहिणाऱ्या कारकुनाला आरक्षणाशी देणेघेणे नव्हते, त्याला महसूल किंवा गुन्ह्याचा हिशेब ठेवायचा होता. म्हणूनच जुन्या नोंदीला पडताळणीत वजन असते.

२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने भूमिहीन, शेतमजूर, बटाईदार यांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचे प्रतिज्ञापत्र देऊन गावपातळीवरील समितीकडून चौकशीचा मार्ग दिला. तिथेही हातात जुना कागद असेल तर बाजू भक्कम होते.

शोधताना काय पाहायचे?

सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकण्यात आल्या. आधी तालुका निवडा. पेडगाव श्रीगोंद्यातही आहे (वेड पांघरून जायचे ते पेडगाव तेच, असे म्हणतात). निजामकाळातील अनेक कागद उर्दू किंवा मोडीत आहेत आणि त्यांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. फसली १३४५ म्हणजे १९३५-३६. आणि आडनाव जुळले म्हणून दाखला मिळत नाही. त्या व्यक्तीपासून आपल्यापर्यंतची वंशावळ सिद्ध करावी लागते. दाखला उपविभागीय अधिकारी देतात, त्यानंतर जात पडताळणी समिती तो तपासते.

इतरांच्या ओळींचे काय?

ही बाजू फारशी चर्चेत नाही. पान स्कॅन होते तेव्हा हवी ती एकच ओळ निघत नाही, वरच्या-खालच्या दहा घरांच्या ओळीही येतात. मृत्यूचे कारण, दत्तक गेलेले मूल, अटकेचा तपशील. जन्मनोंदीत आपला पुरावा असतो, शेजाऱ्याच्या घरची जुनी गोष्टही असते, आणि गावात आडनावावरून घर ओळखायला वेळ लागत नाही. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये केनेडी हत्येची कागदपत्रे घाईने खुली केली, तेव्हा त्यांतून शेकडो लोकांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक बाहेर पडले. त्यांतले कित्येक जण हयात होते.

इथे उपाय तुलनेने सोपा आहे. संकेतस्थळावर गाव, वर्ष, नोंदवहीचा प्रकार आणि कुणबी नोंदीची ओळ ठेवायची, बाकीच्या ओळी झाकायच्या. पूर्ण पानाची प्रमाणित प्रत अर्जदाराला कार्यालयातून द्यायची. मूळ नोंदवही मात्र जपून ठेवावीच लागेल, कारण पडताळणीत झाकलेल्या प्रतीवर शंका आली तर शेवटी तेच पान उघडले जाणार.