मागचा पडदा अडकला तर

मंचरहून डिंभ्याच्या वाटेनं सकाळी भीमाशंकरला निघालं, की ऊन मागच्या काचेतून लेकरांच्या मानेवर येतं. काही गाड्यांत तिथं बटनावर चालणारा पडदा असतो. अडकला तर ओढू नका, आतले दाते तुटतील. रिव्हर्स टाकल्यावर तो आपोआप उतरला, तर मात्र बहुधा बिघाड नव्हे.

बटन दाबून कान द्या. मोटार घुरघुरते पण पडदा हलत नाही? मग कापड तिरकं झालेलं किंवा खाचेत धूळ साचलेली असते. किल्ली बंद करून मऊ ब्रशानं झाडा. तेल नको, धूळच चिकटते.

आवाजच नसेल तर फ्यूज पाहा. उडालेला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा घाला. पंपाच्या पेटीत तार गुंडाळायची आपली खोड इथं नको, वायरिंग पेटेल! नवाही उडाला, तर मिस्त्री गाठा.